नेमप्लेट न मानणारा माणूस

काकांनी माझ्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना सोडलं नाही. दुबईत अल क्वोजला जुनी मशीन्स घेऊन विकणाऱ्या एका गोडाऊनमध्ये आमचं ऑफिस होतं. पत्र्याचं, दोन टेबलांचं. त्या समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही साडेतीन वर्षं काढली आणि त्यातलं शेवटचं वर्ष तर एकमेकांवर पहारा ठेवण्यातच गेलं. दोघेही मराठी, दोघेही पुण्याकडचे, म्हणजे गप्पांना तोटा नको होता. पण काका बोलायचे ते फक्त लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, आणि तेही लेथ रशियन असेल तर.

त्यांचं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. मालक कच्छी होता, तो त्यांना 'अंकल' म्हणायचा, बाकी सगळे काका. काकाही कोणाला नावाने हाक मारत नसत. मी विक्रीचं बघायचो म्हणून मी 'अहो सेल्स'. एकदा बायकोने डब्यात त्यांच्यासाठी म्हणून पुरणपोळी दिली, तर म्हणाले, "अहो सेल्स, आज काय विशेष? माझ्याकडून काही सही हवीय का?" हवी होतीच, ती गोष्ट वेगळी. पण माणसाने पोळी तरी गोड मानून खावी की नाही.

काकांच्या खिशात एक दिरहमचं नाणं कायम असायचं. ते खर्चायचं नव्हे, ठोकायचं. ओतीव लोखंडावर नाण्याने ठोकलं की आतली चीर आवाजात कळते असं ते सांगायचे, आणि ते खरंही होतं, मी दोनदा अनुभवलंय. पण मग ती सवयच लागली. मीना बाजारात कलिंगड ठोकायचे, गाडीचं दार ठोकायचे, भाड्याने घेतलेल्या खोलीची भिंत ठोकून त्यांनी घरमालकाकडून भाडं कमी करून घेतलं होतं. आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटवर एकदाच जेवायला आले, तेव्हा पाणी प्यायला उठले आणि फ्रिज ठोकला. माझी मुलगी सात वर्षांची. ती म्हणाली, "अंकल, व्हाय आर यू नॉकिंग? देअर इज नोबडी इनसाइड." त्यावर काका गंभीरपणे म्हणाले, "ते आपल्याला काय माहीत, बेटा."

संध्याकाळी घरी जाताना ते टेबलाच्या ड्रॉवरला खडूची बारीक रेघ मारून ठेवत. सकाळी आले की आधी ती रेघ बघत, मग मला बघत, मग बसत. आता या माणसाच्या ड्रॉवरमध्ये होतं काय? एक भिंग, एक टॉर्च, गुडघ्याला लावायचं मलम आणि एक जाडजूड वही. ती वही मात्र मला खुपायची. अर्धी मराठीत, अर्धी रशियनमध्ये, आणि पानन् पान मशीनच्या नंबरांनी भरलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "इतिहास आहे." मी मनात म्हटलं, असेल बुवा, पण इतिहासाला खडूची रेघ कशाला लागते.

तो इतिहास मला तुकड्या-तुकड्यांत कळला. तरुणपणी पुण्याजवळच्या एका कंपनीने काकांना दोन वर्षं रशियात पाठवलं होतं. एका थंड शहरात, नदीकाठी, लेथ बनवणारा मोठा कारखाना होता. तिथे काका खरडकाम शिकले. म्हणजे लेथचा बेड, ज्यावर सगळं मशीन बसतं तो लांब ओतीव भाग, हातातल्या पटाशीने केसाएवढा खरडून सपाट करायचा. त्या कारखान्याबद्दल ते आजोळाबद्दल बोलावं तसं बोलायचे. आधी तिथे कोणा परदेशी माणसाची कुलपं ओतायची भट्टी होती. क्रांतीनंतर तिथे लेथ बनायला लागले. युद्धात सगळी मशीन्स आगगाडीत घालून पूर्वेला नेली आणि छप्पर बांधायच्या आधीच सुरू केली. "वरून बर्फ पडतंय आणि खाली लेथ चालतोय," काका म्हणायचे, "आणि तुम्हाला इथे एसी बंद पडला की सुचत नाही."

त्यांचा सगळा विश्वास होता तो बर्फावर. चांगल्या दिवसांत त्या कारखान्यात ओतलेले बेड लगेच वापरत नसत. आवारात उघड्यावर टाकून देत. उन्हाळा, हिवाळा, पुन्हा उन्हाळा, पुन्हा हिवाळा. लोखंडात ओतताना जो ताण राहतो तो असा हळूहळू निघून जातो, आणि मग खरडलेला बेड पन्नास वर्षं वाकडा होत नाही. पुढे पुढे मालाची घाई झाली, मग देशच मोडला, तसे बेड ओतले की रंगवून बाहेर. म्हणून काका मशीनवरची नेमप्लेट आधी वाचतच नसत. या वयात मशीनखाली सरपटत जायचे, टॉर्च मारून बेडच्या पोटाशी आकड्यांत ओतलेलं साल बोटाने चाचपायचे, आणि मगच प्लेटवरच्या सालाशी ताडून बघायचे. दोन वर्षांचं अंतर असेल तर उठून कपडे झटकत म्हणायचे, "दोन हिवाळे खाल्लेत. घ्या." दोन्ही सालं एकच असली तर नुसतं "कोवळा आहे" म्हणायचे आणि चालू लागायचे. माणसांनाही हेच लावायचे. मालकाचा अमेरिकेहून शिकून आलेला पुतण्या ऑफिसात आला, तेव्हा त्याच्यादेखत मला म्हणाले, "हा कोवळा आहे. याच्या हातात काही देऊ नका."

आणि एखाद्या मशीनवर प्लेट नवी, साल भलतंच असं निघालं, म्हणजे शारजात कोणीतरी हिरवा रंग फासून प्लेट बदललेली, की काकांचा चेहरा खुलायचा. जग आपल्याला फसवायलाच बसलंय हे सिद्ध झाल्यासारखं त्यांना वाटायचं.

मग २००८ संपता संपता मंदी आली. बांधकामं थांबली, त्यांना माल पुरवणारी वर्कशॉप्स एकेक करून बंद व्हायला लागली. आमच्या धंद्याला ही म्हटलं तर दिवाळी होती. बंद पडणाऱ्या वर्कशॉपची मशीन्स मातीमोल भावात मिळायची, फक्त बातमी आधी लागली पाहिजे आणि सगळ्यांच्या आधी पोचलं पाहिजे. गोडाऊन धरून नऊ माणसं होती, त्यातली सात घरी गेली. उरलो काका आणि मी. बातमी मी काढायचो, मशीन बघायला दोघे जायचो, काका पसंत करायचे, आणि दोन-तीन दिवसांनी मालक जाऊन सौदा करायचा.

आणि नेमकं तिथेच पाणी मुरायला लागलं. मालक पोचायचा तेव्हा मशीन गेलेलं असायचं. एकदा झालं, दोनदा झालं, पाचव्यांदा झालं. एक-दोन दिवस आधी कोणीतरी येऊन रोखीने उचलून नेलं, एवढंच कळायचं. आणि जायचं काय, तर फक्त रशियन लेथ. बाजूचं जर्मन मशीन तसंच उभं, काकांनी "दोन हिवाळे" म्हटलेला लेथ तेवढा गायब.

मालकाने दोघांना समोर उभं केलं. एरवी गोड बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने बसायलाही सांगितलं नाही. "तुम दोनों में से एक की ज़ुबान ढीली है," तो म्हणाला. "ईद तक मुझे बताओ कौन. नहीं तो दोनों का वीज़ा कॅन्सल. खलास."

माझ्या व्हिसावर बायको होती, मुलगी होती. मुलीची शाळा होती. पुण्यात नोकरी शोधायची तर तिथेही मंदीच. काका एकटे, बायको कधीच गेलेली, मुलगा बेंगळुरूला. तरी ते या नोकरीला का चिकटून होते ते मला कळत नसे. पगार बेताचा, खोली अल क्वोजच्याच मागच्या गल्लीत, तिघांत मिळून. असा माणूस इथे राहतो म्हणजे याचं दुसरीकडून काहीतरी चालू असणार, असं माझं गणित. त्यांचं माझ्याबद्दलचं गणित त्यांनी तोंडावर सांगितलं. "अहो सेल्स, बातम्या काढणं तुमचं काम. पेरणंही तुम्हालाच जमेल."

त्यानंतर ऑफिसात आम्ही फोनसुद्धा बाहेर जाऊन घ्यायला लागलो. मी उठलो की ते दाराशी येऊन उभे राहायचे. ते उठले की मला तहान लागायची. मालकाचा ड्रायव्हर पठाण होता, तो एकदा मला म्हणाला, "साब, आप दोनों का कुछ ज़मीन का झगड़ा है क्या?"

त्यांचा शुक्रवार मला माहीत नव्हता. सुट्टीच्या दिवशी ते बर दुबईला मंदिरात जातात एवढं ते सांगायचे. एका शुक्रवारी मी त्यांच्या मागे गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो. टोपी घालून, काळा चष्मा लावून, बायकोला भाजी आणतो म्हणून सांगून. काका मंदिराच्या गल्लीत शिरले, फुलं घेतली, पाच मिनिटांत बाहेर आले. मग एका दुकानातून फोनचं कार्ड घेतलं, पंधरा दिरहमचं, म्हणजे आपले दोनशे रुपये, आणि खाडीकडे, अब्रा बोटी लागतात त्या बाजूच्या पब्लिक फोनपाशी गेले. बगलेत ती वही.

मी एका कापडाच्या दुकानाशी पाठमोरा उभा राहिलो. काका रशियनमध्ये बोलत होते. मला रशियनचा गंध नाही. पण वहीतून बघून ते आकडे सांगत होते हे सुरावरून कळत होतं, आणि मध्ये स्वच्छ ऐकू आलं, "अल क्वोज". मग "शारजा". आदल्या दिवशी आम्ही शारजालाच मशीन बघून आलो होतो. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सापडला. आपण वाचलो.

पलीकडून काहीतरी बोललं गेलं आणि काका हसले. साडेतीन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. तोंडावर वही धरून, खांदे हलवत, चांगले मिनिटभर हसत होते.

शनिवारी शारजाचा लेथ गेल्याची बातमी आली. रविवारी मी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. फोन, रशियन, आकडे, अल क्वोज, शारजा. हसण्याचं तेवढं सांगितलं नाही. मालकाने काकांना बोलावून विचारलं, शुक्रवारी फोन करता का? काका म्हणाले, करतो. कुणाला? "कारखान्यात." मालकाने माझ्याकडे बघितलं. तो कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली हे काकांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. तिथे आता फर्निचरचं शोरूम आहे, हेही. मालक म्हणाला, "अंकल, बंद फॅक्टरी में फोन कौन उठाता है?"  काकांनी मान खाली घातली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी व्हिसा कॅन्सल करायचे कागद झाले. देश सोडायला एक महिन्याची मुदत होती.

काका ऑफिसातून गेले आणि चोरी थांबली. मालकाने माझी पाठ थोपटली. घरी बायकोने विचारलं, "आता तरी झोप लागते का नीट?" म्हटलं, लागते.

तीन आठवड्यांनी शारजात एक वर्कशॉप बंद होत होतं, पेपरात जाहिरातच होती, तिथे मी एकटाच गेलो. एक गोरा, तरुण पोरगा आधीच येऊन उभा होता, हातात रशियन अक्षरांची यादी. मी कार्ड दिलं. त्याने कंपनीचं नाव वाचलं आणि एकदम ओळख असल्यासारखा बोलायला लागला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुमच्याकडचे ते म्हातारे इंडियन कुठे आहेत? तीन शुक्रवार झाले, फोन नाही. माझी मावशी रडकुंडीला आलीय."

मग त्यानेच सगळं सांगितलं, लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटत नव्हतं. त्याची मावशी त्या कारखान्याच्या कचेरीत होती. कोणता लेथ कोणत्या देशात गेला त्याचं रजिस्टर तिच्याकडे असायचं. कारखाना मोडला, कामगारांना पगाराऐवजी स्वयंपाकाच्या कढया दिल्या, आणि कचेरी रिकामी करताना रजिस्टरं जाळायला काढली. बाईने ती भाजीच्या पिशव्यांतून घरी नेली. तेव्हापासून ती आणि काका मिळून एकेक मशीन शोधत होते. काकांना इथे जो लेथ सापडेल त्याचा नंबर, जागा, कसा चालतोय, कोण चालवतो हे ते शुक्रवारी सांगायचे, ती आपल्या रजिस्टरात त्या ओळीपुढे लिहायची. मशीन जिवंत आहे असं कळलं की दोघांचा आठवडा चांगला जायचा. बाईने भाच्याला कौतुकाने सांगितलं, तू दुबईतच आहेस, जाऊन एकेकाचा फोटो काढून पाठव. भाचा गेला, फोटो काढला, आणि मशीन विकत घेऊन विकलं.

"मावशीला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला कशाला सांगू?" तो म्हणाला. "तिला फोटो मिळतो. ती खूश."

मी गाडीत येऊन बसलो आणि एसी लावायचंही विसरलो. कोणाची नेमप्लेट खरी न मानणारा हा माणूस, आयुष्यात एकाच ठिकाणी सैल सुटला होता, आणि नेमकं तिथूनच गळत होतं. म्हणजे बातमी काकांकडूनच फुटली, मी खोटं बोललो नव्हतो. मालकाला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, लीक तो वही था ना, यल्ला, काम करो. आणि काकांना सांगायचं तर ते काय करतील हे मला पक्कं माहीत होतं. बाईला काही माहीत नव्हतं हे त्यांना देवाने येऊन सांगितलं तरी पटलं नसतं. त्यांनी तो फोन पुन्हा केला नसता.

काकांचं विमान त्याच आठवड्यात होतं, दुपारचं. मी विमानतळावर सोडतो म्हटलं, तर चक्क हो म्हणाले. गाडीत बसताना दार ठोकलं.  विमानतळात शिरल्यावर ट्रॉलीवर बॅग ठेवून ते थांबले आणि म्हणाले, "अहो सेल्स, तीन आठवडे मी एकच हिशेब करतोय. मशीन बघून आलो की माझ्याशिवाय तीनच माणसांना माहीत असायचं. मालक स्वतःच्या पायावर धोंडा मारणार नाही. राहिले तुम्ही. आणि राहिली ती बाई, जिच्याशी मी बोलतो. आणखी कोणी नाही." मग ट्रॉली सोडून माझ्याकडे वळले. "तुम्ही नसाल तर ती आहे. मला खरं सांगा, मी काही करणार नाही. तुम्ही होतात का?"

मी म्हटलं, "हो. मीच होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तयार होतो. कोणाला विकली बातमी, किती वेळा, फोनवरून की भेटून, शारजाचं कधी सांगितलं, असे सतरा प्रश्न येणार आणि मी पहिल्याच प्रश्नाला अडकणार, हे मला दिसत होतं. मी काही ठरवून आलो नव्हतो.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "वाटलंच मला," म्हणाले. "पहिल्या दिवसापासून." मग खिशातून कार्ड काढून भिंतीकडच्या फोनपाशी गेले, नंबर फिरवला, आणि पलीकडून आवाज येताच भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. बराच वेळ पलीकडून ती बाईच बोलत होती. मी अजून तिथेच आहे हे दिसल्यावर त्यांनी हातानेच मला 'जा' म्हणून सांगितलं.

आता पुण्यात ते ज्याला त्याला माझ्याबद्दल सांगतात. चोर म्हणतात, घरभेदी म्हणतात. माझ्या मेव्हण्याच्या कानावर आलं, तो चिडून म्हणाला, "तू जाऊन खुलासा का करत नाहीस? म्हातारा गावभर तुझं नाव खराब करतोय." मी त्याला एवढंच विचारलं की ते अजून रशियाला फोन करतात का. तो म्हणाला, दर शुक्रवारी, शेजारपाजारचे वैतागलेत, एवढ्या मोठ्याने बोलतात.

म्हटलं, मग राहू दे.